गीताचे निदान : ख्मेर गायकांच्या स्मरणाविषयी

बौद्ध देशांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात विहार, स्तूप, भिक्खुसंघ आणि तिपिटकाच्या आवृत्त्या यांना उचित स्थान मिळते. परंतु त्या देशांतील उपासक-उपासिका दिवसभराची कामे करताना काय गुणगुणतात, त्यांच्या लग्नघरी कोणती गीते वाजतात, आणि त्या गीतांमागे कोणता इतिहास उभा आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत लेखात आम्ही कंबोडियातील, म्हणजे ख्मेर भाषेतील, लोकप्रिय गीतांचा आणि ती गाणाऱ्या कलावंतांचा परिचय करून देत आहोत. हा विषय मनोरंजनाचा वाटला तरी तो आपल्या धम्मपरंपरेतील एका मूलभूत प्रश्नाशी निगडित आहे, असे आमचे मत आहे.

काही वर्षांपूर्वी बोधगया येथे कंबोडियातून आलेल्या यात्रेकरूंच्या एका तुकडीचा आम्हांस सहवास घडला. सायंवंदना आटोपल्यावर एक वृद्ध उपासिका भाजी निवडीत संथ चालीत काही गात होत्या. ती चाल इतकी आर्त होती की एखादी गाथाच असावी, असा आमचा समज झाला. सोबतच्या भिक्खूंमार्फत विचारणा केली तेव्हा त्या लाजल्या. ही गाथा नव्हे, सिन सिसामुत यांचे प्रेमगीत आहे, असे त्यांनी सांगितले. मग थोडे थांबून त्यांनी तीन नावे उच्चारली : सिन सिसामुत, रोस सेरेइसोथिया, पान रोन. शेवटी त्या ‘अनिच्चा’ एवढेच म्हणाल्या. पालीतील हा शब्द ख्मेर भाषेत हळहळ व्यक्त करणारा उद्गार होऊन बसला आहे. आपण ज्याचा अभ्यास करतो तो शब्द या माउलीच्या तोंडी श्वासासारखा सहज आला, हे आम्ही विसरू शकलो नाही.

गाणारी राजधानी

कंबोडिया ९ नोव्हेंबर १९५३ रोजी फ्रेंच सत्तेपासून स्वतंत्र झाला. नव्या राष्ट्राचे प्रमुख नरोदम सिहानुक हे स्वतः गीते रचणारे, वाद्ये वाजविणारे आणि चित्रपट काढणारे होते. त्यांच्या मातोश्री राणी कोस्समाक यांनी राजवाड्यातील कलापथकांना आश्रय दिला होता. सरकारी खात्यांचेही वाद्यवृंद असत. राष्ट्रीय नभोवाणीवरून ही गीते खेडोपाडी पोहोचत. ज्याच्या घरी रेडिओ नाही तो शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसे. आपल्याकडील वस्त्यांतही त्या काळी हेच चित्र होते.

या गीतांची घडण मोठी लक्षणीय आहे. रामवोंग हे वर्तुळाकार फेर धरून करावयाचे नृत्य आणि सारावान ही ठेकेदार चाल हा देशी पाया. त्यावर फ्रेंच गीतांची मृदुता आणि क्यूबाकडून आलेले बोलेरो व चा-चा-चा यांचे ठेके चढले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘बाकसेई चामक्रोंग’ या तरुणांच्या पथकाने विजेची गिटार आणली. पुढे शेजारच्या व्हिएतनाममधील अमेरिकन सैन्याच्या नभोवाणीमुळे पाश्चात्त्य रॉक संगीत नोम पेन्हच्या तरुणांच्या कानी पडले. मात्र गळा ख्मेरच राहिला. स्वराला हळूच दिलेली वळणे, ओळीच्या शेवटी घेतलेली कंपने ही या मातीचीच आहेत. परके स्वीकारून स्वतःचे न सोडण्याचे हे उदाहरण आहे.

सिन सिसामुत यांचा जन्म मेकोंग नदीकाठच्या स्तुंग त्रेंग प्रांतातला. ते वैद्यकीय शिक्षणासाठी राजधानीत आले आणि काही काळ त्यांनी रुग्णालयात परिचारकाचे काम केले. दिवसा रुग्णसेवा आणि फावल्या वेळी गायन, असा त्यांचा क्रम होता. पुढे नभोवाणी आणि राजवाड्याचा वाद्यवृंद यांमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यांनी शेकडो गीते गायिली आणि त्यांतील पुष्कळ स्वतः रचली. त्यांचा आवाज मखमली, आणि उच्चार इतके स्पष्ट की प्रत्येक शब्द वेगळा ऐकू यावा. बात्तामबांगच्या चाफ्याला उद्देशून असलेले त्यांचे ‘चांपा बात्तामबांग’ हे गीत आजही ख्मेर माणूस जगात कोठेही असला तरी ओळखतो.

रोस सेरेइसोथिया याच बात्तामबांग प्रांतातील एका गरीब ग्रामीण कुटुंबातून आल्या. त्यांचा आवाज उंच, स्वच्छ आणि करुण. सिहानुक यांनी त्यांना ‘सुवर्णस्वराची राणी’ अशा अर्थाची पदवी दिली. सिसामुत आणि सेरेइसोथिया यांची युगुलगीते त्या काळच्या चित्रपटांतून आणि तबकड्यांतून गाजली. पान रोन यांचा बाज निराळा होता. त्यांच्या गीतांतील स्त्री खट्याळ आहे, हजरजबाबी आहे, आपल्या मनातले बोलताना खाली पाहत नाही. योल आउलारोंग यांनी समाजाची थट्टा करणारी गीते गिटारच्या साथीने गायिली. एका पिढीत इतके भिन्न स्वर एकत्र आले, हे त्या समाजाच्या जिवंतपणाचे लक्षण होते.

१८ मार्च १९७० रोजी सिहानुक यांना पदच्युत करण्यात आले आणि देश यादवी युद्धात ओढला गेला. अमेरिकन विमाने १९७३ पर्यंत खेड्यांवर बॉम्ब टाकीत होती. निर्वासितांचे लोंढे राजधानीत आले. रात्री संचारबंदी असे, म्हणून गाण्याचे कार्यक्रम दिवसा होऊ लागले. गाणे मात्र थांबले नाही.

१७ एप्रिल १९७५

या दिवशी ख्मेर रूज सैन्याने नोम पेन्ह ताब्यात घेतले आणि सुमारे वीस लाख लोकांना शहराबाहेर हाकलून दिले. रुग्णालयांतील रुग्णही त्यातून सुटले नाहीत. पुढील पावणेचार वर्षांत १५ ते २० लाख माणसे हत्या, उपासमार, रोगराई आणि अतिश्रम यांनी मेली. म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ एक चतुर्थांश. जुनी गीते सरंजामी आणि साम्राज्यवादी ठरवून बंद करण्यात आली. ध्वनिक्षेपकांवरून केवळ नव्या सत्तेची गीते वाजत.

भिक्खुसंघाची तीच गत झाली. भिक्खूंना चीवर उतरविण्यास भाग पाडले गेले, अनेकांना ठार मारण्यात आले, विहारांची कोठारे आणि तुरुंग झाले. १९३० साली स्थापन झालेल्या नोम पेन्हच्या बौद्ध संस्थेने अनेक दशकांच्या परिश्रमाने पाली तिपिटक ख्मेर भाषांतरासह ११० खंडांत प्रसिद्ध केले होते. त्याचे संच देशभर नष्ट झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्यांनी गायकांना मारले त्यांनीच भिक्खूंना मारले. समाजाची स्मृती जेथे जेथे साठलेली असते तेथे तेथे घाव घालावयाचा, ही त्यामागील नीती होती. स्मृती विहारात असते तशीच ती गळ्यातही असते, हे मारणाऱ्यांना पुरते ठाऊक होते.

सिसामुत, सेरेइसोथिया, पान रोन, आउलारोंग हे सर्व त्या काळात नाहीसे झाले. त्यांच्या मृत्यूची नोंद नाही, समाधी नाही, तारीख नाही. त्यांच्याविषयी अनेक कथा सांगितल्या जातात. त्या एकमेकींशी जुळत नाहीत. सिएंग वान्थी या गायिका वाचल्या. आपण केळी विकणारी बाई आहोत, असे त्यांनी ख्मेर रूज सैनिकांना सांगितले. स्वतःचे नाव आणि गाणे नाकारले म्हणून त्यांचा जीव वाचला. कलावंताला जगण्यासाठी स्वतःला अनाम करावे लागावे, यापरता मोठा दंड कोणता?

गीत उरले, नाव गेले

७ जानेवारी १९७९ रोजी ती राजवट कोसळली. स्टुडिओतील मूळ ध्वनिफिती बहुतांशी नष्ट झाल्या होत्या. कोणी जपून ठेवलेल्या तबकड्या, कोणी सरहद्द ओलांडताना नेलेल्या कॅसेट आणि लोकांचे पाठांतर, एवढ्यावर ही गीते पुन्हा उभी राहिली. थायलंडच्या सरहद्दीवरील छावण्यांतून ती फ्रान्सला आणि अमेरिकेतील लाँग बीचला गेली. कॅसेटवरून कॅसेट निघत गेली. विकणाऱ्यांनी आवाज ठसठशीत व्हावा म्हणून जुन्या ध्वनिमुद्रणावर नवे ढोल चढविले, गती बदलली. या प्रवासात वादक, गीतकार, साल ही माहिती गळून पडली.

१९९६ साली न्यूयॉर्क येथील एका छोट्या कंपनीने ‘कंबोडियन रॉक्स’ नावाचा संग्रह काढला. एका प्रवाशाने कंबोडियात विकत घेतलेल्या कॅसेटवरून तो सिद्ध झाला होता. या संग्रहामुळे पाश्चात्त्य जगाला हे संगीत कळले, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यावर एकाही गायकाचे नाव नव्हते, एकाही गीताचे शीर्षक नव्हते. ज्यांना एका सत्तेने देहाने नाहीसे केले, त्यांना चाहत्यांच्या हातून नावानेही नाहीसे व्हावे लागले. पुढे ख्मेर श्रोत्यांनी एकेक आवाज ओळखून नावे परत मिळविली.

पाली परंपरेची साक्ष

येथे आमच्या काही उपासकबंधूंच्या मनात शंका येईल. उपोसथाच्या दिवशी ज्या आठ शीलांचे पालन केले जाते त्यांत नृत्य, गीत व वाद्य यांपासून विरतीचे शील आहे. मग प्रेमगीतांची चर्चा या पृष्ठांवर कशासाठी? शंका रास्त आहे. भिक्खूंनी लांबलचक आलाप घेऊन धम्म गाऊ नये, असे भगवंतांनी सांगितले आणि त्यातील पाच दोष दाखविले : गाणारा स्वतःच्याच स्वरावर लुब्ध होतो, ऐकणारे लुब्ध होतात, गृहस्थ टीका करतात, समाधी भंग पावते आणि मागून येणारे तेच गिरवितात. परंतु सुस्वर पठणाला, ज्यास ‘सरभञ्ञ’ म्हणतात, त्यांनी अनुमती दिली. म्हणजे प्रश्न स्वराचा नसून आसक्तीचा आहे, आणि हे नियम भिक्खूंच्या धम्मपठणासाठी आहेत.

गृहस्थाच्या गीताविषयी दीघनिकायातील सक्कपञ्हसुत्त पाहावे. राजगृहाजवळील इंदसाल गुहेत भगवान ध्यानस्थ असताना पञ्चसिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन येतो आणि आपले प्रेमगीत गातो. त्यात बुद्ध, धम्म, अर्हंत यांचे उल्लेख आहेत, पण मूळ विषय भद्दा सूरियवच्चसा या तरुणीवरील त्याचे प्रेम हाच आहे. भगवान त्याला धिक्कारत नाहीत. वीणेचा स्वर आणि गळ्याचा स्वर एकमेकांत मिसळले आहेत, एकाने दुसऱ्यावर मात केली नाही, अशी ते प्रशंसा करतात. आणि त्यानंतर ते विचारतात : हे तू केव्हा रचलेस? पञ्चसिख उत्तर देतो. भगवान नुकतेच सम्बुद्ध होऊन उरुवेला येथे अजपाल वटवृक्षाखाली राहत होते, त्या काळात; तिचे मन दुसऱ्यावर होते, त्या काळात.

हा प्रश्न आम्हांस अतिशय मोलाचा वाटतो. गीत ऐकले, आवडले, एवढ्यावर भगवान थांबले नाहीत. ते कोणत्या काळी, कोणत्या दुःखातून आले, हे त्यांनी जाणून घेतले. ज्याने गायिले त्याला बोलण्याची संधी दिली.

पालीत यास ‘निदान’ असा शब्द आहे. मराठीत आपण निदान म्हणजे रोगाची परीक्षा असा अर्थ घेतो; पालीत त्याचा अर्थ उगम, कारण, वचनामागील प्रसंग असा आहे. प्रथम संगीतीत महाकस्सप स्थविरांनी उपालींना पहिल्या पाराजिकेविषयी विचारले ते याच रीतीने : कोठे, कोणास उद्देशून, कोणत्या प्रकरणी? उपालींनी सांगितले : वेसालीत, सुदिन्न कलंदपुत्तास उद्देशून. आनंद स्थविरांना ब्रह्मजालसुत्ताविषयी विचारले तेव्हा राजगृह आणि नालंदा यांच्यामधील अम्बलट्ठिका हे स्थळ आणि सुप्पिय व ब्रह्मदत्त ही नावे सांगण्यात आली. त्या सभेत वचनाबरोबर त्याचे स्थळ आणि त्याची माणसेही जतन झाली.

थेरगाथा आणि थेरीगाथा यांत तर प्रत्येक गाथा कोणाची हे नोंदविलेले आहे. दासी पुण्णा, गणिका अम्बपाली, पुत्रशोकाने व्याकूळ झालेली किसागोतमी यांची नावे आज आपणांस ठाऊक आहेत ती या शिस्तीमुळे. थेरीगाथेतील पहिलीच गाथा मात्र ‘अञ्ञतरा थेरी’, म्हणजे कोणी एक थेरी, हिच्या नावे आहे. नाव हाती लागले नाही तेव्हा संगीतिकारांनी ती गाथा दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकली नाही आणि नावाची जागाही पुसली नाही. येथे कोणीतरी होती, एवढे त्यांनी नोंदविले. ‘कंबोडियन रॉक्स’च्या वेष्टनावर एवढे तरी असावयास हवे होते.

स्मरणाचे दोन मार्ग

ख्मेर बौद्ध मृतांचे स्मरण प्चुम बेन या पर्वात करतात. भाद्रपदाच्या कृष्णपक्षातील या पंधरा दिवसांत कुटुंबे विहारात जातात, भिक्खूंना दान देतात आणि आपल्या मृतांची नावे लिहून नेतात. ती नावे वाचली जातात. पहाटे भाताचे गोळे टाकण्याचीही प्रथा आहे. ‘बेन’ हा शब्द पालीतील ‘पिण्ड’ शब्दापासून झालेला आहे.

आपल्या वाचकांना येथे अवघडल्यासारखे होईल, आणि ते योग्य आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष आणि पिंडदान यांचा त्याग करावयास सांगते. आम्ही तिच्याशी बांधलेले आहोत. भुकेले प्रेत भाताची वाट पाहत फिरते, ही कल्पना आम्हांस ग्राह्य नाही. परंतु ज्या देशात लाखो माणसे नोंदीवाचून मेली, तेथे वर्षातून एकदा सर्वांसमक्ष एकेक नाव वाचले जावे, या गोष्टीतील मानवी अर्थ आपण ओळखू शकतो. आपण पुण्यानुमोदनाच्या प्रसंगी हेच करतो : गेलेल्याचे नाव घेतो, त्याचे गुण सांगतो, आणि जिवंतांना त्या गुणांकडे वळवितो.

दुसरा मार्ग महाघोसानंद महास्थविरांनी दाखविला. भारतात नालंदा येथे अध्ययन केलेले हे ख्मेर भिक्खू त्या भीषण काळात थायलंडमध्ये होते, म्हणून वाचले. त्यांच्या घरची माणसे मात्र मारली गेली. ते सरहद्दीवरील छावण्यांत गेले आणि तेथे त्यांनी मेत्तसुत्त आणि धम्मपदाच्या यमकवग्गातील वैर-अवैराविषयीची गाथा म्हटली. कित्येक वर्षांत पालीचा शब्द न ऐकलेली माणसे ती ऐकून रडली. पुढे १९९२ पासून त्यांनी धम्मयात्रा काढून भूसुरुंगांनी भरलेल्या प्रदेशातून पायी शांतीचा संदेश नेला. २००७ साली त्यांचे निधन झाले. त्या छावण्यांत एका बाजूस गाथेचा स्वर होता आणि दुसऱ्या बाजूस झिजलेल्या कॅसेटवरील सिसामुत यांचा स्वर होता. दोघांनी मिळून माणसांना आठवण करून दिली की आपण कोणी तरी आहोत.

आता निदान शोधण्याचे काम नेटाने चालू झाले आहे. चित्रपटदिग्दर्शक रिथी पान्ह यांच्या पुढाकाराने २००६ साली नोम पेन्ह येथे बोफाना केंद्र सुरू झाले. तेथे देशाचा दृक्‌श्राव्य वारसा जतन केला जातो. जॉन पिरोझी यांनी या गायकांवर केलेला माहितीपट २०१४ साली पूर्ण झाला. त्याचे शीर्षक सिसामुत यांच्याच एका गीताच्या नावावरून घेतलेले आहे आणि त्याचा आशय ‘मी विसरलो असे समजू नकोस’ असा आहे. तरुण संग्राहक जुन्या तबकड्या शोधून त्यांवरील नावे, साले आणि कंपन्यांचे शिक्के नोंदवीत आहेत.

आपल्या गीतांचे काय?

हे सर्व लिहिताना आमचे मन वारंवार आपल्या भीमगीतांकडे वळते. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत (१९२२-२००४) आपल्या चळवळीची स्मृती गळ्यांनीच वाहून नेली. आपल्या शाहिरांनी एक शहाणपण केले : शेवटच्या अंतऱ्यात स्वतःचे नाव गुंफले. कॅसेटवरचा कागद फाटला तरी ‘वामन’ हे नाव गीताच्या पोटात सुरक्षित राहते. ख्मेर चित्रगीतांना हे कवच नव्हते. परंतु आज मिरवणुकीत केवळ धृपद वाजते, पुढचे अंतरे कापले जातात, आणि नाव असलेला अंतरा हा शेवटचाच असतो. जे तेथे एका क्रूर सत्तेने केले ते येथे आपल्या घाईने होऊ नये.

ज्या वस्तीत एखादे जुने गायनमंडळ होते तेथील वृद्ध गायक-गायिका आज आपल्यात आहेत, उद्या नसतील. विहारात येणाऱ्या तरुणांनी त्यांच्यापाशी बसावे. गीत उतरवून घ्यावे आणि त्याखाली महाकस्सपांचे प्रश्न लिहावेत : कोठे गायिले, केव्हा, कोणी रचले, कोणी गायिले, ढोलकीवर कोण होते, कोणत्या प्रसंगी? उत्तर मिळाले नाही तर ती ओळ कोरी ठेवू नये. ‘कोणी एक गायिका’ असे लिहावे.

बोधगयेच्या त्या उपासिकेने आम्हांस गीत शिकविले नाही. आमच्या जिभेला ते जमलेही नसते. परंतु निरोप घेताना त्यांनी ती तीन नावे आमच्याकडून पुन्हा म्हणवून घेतली, आणि उच्चार नीट होईपर्यंत आम्हांस जाऊ दिले नाही. ती नावे आम्ही वाचकांच्या स्वाधीन करीत आहोत : सिन सिसामुत, रोस सेरेइसोथिया, पान रोन.